खासदाराने हिरवं बटण दाबलं की लाल? शोधायचं कसं, इंदूरवाल्यांसाठी

गेल्या गणपतीत आमच्या मंडळात सकाळच्या पोह्यांवर दोन काकांची पैज लागली. २०२० चे शेतीचे कायदे लोकसभेत किती मतांनी पास झाले? एक म्हणे तीनशेच्या वर, दुसरे म्हणे छे, अडीचशेच्या आसपास, आणि दोघांनाही यादी हवी, नावासकट, त्यात आपल्या माळव्यातले खासदार कुठे आहेत तेही दिसायला हवं. पैज एक किलो जिलबीची. लॅपटॉप माझ्याकडे, म्हणून निकाल माझ्या गळ्यात. मी म्हटलं दहा मिनिटांत सांगते. चार संध्याकाळी गेल्या आणि शेवटी कळलं की ह्या पैजेला उत्तरच नाहीये, अशी यादी अस्तित्वातच नाही. का नाही ते पुढे येतंय. पण त्या चार संध्याकाळी (आणि नंतरचे बरेच रविवार) जे काही हाताला लागलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाला तेवढं फिरावं लागणार नाही.

एक आधीच सांगते, कोणता पक्ष चांगला न् कोणता वाईट हे इथे मिळणार नाही. त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप आहेतच.

आधी हाताशी काय ठेवायचं

- मतदार ओळखपत्र, म्हणजे त्यावरचा एपिक नंबर
- खासदाराच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आणि हिंदीतलं नाव, दोन्ही (आडनावासकट)
- कितवी लोकसभा ते: २०१४ ते २०१९ सोळावी, २०१९ ते २०२४ सतरावी, आत्ताची अठरावी
- विधेयकाचं अधिकृत नाव आणि तारीख. पेपरातलं टोपणनाव चालत नाही, "शेतीचं बिल" असं टाकलं तर काही मिळत नाही
- एक वही किंवा एक्सेल
- फोनवर करू नका, पीडीएफ मोठ्या असतात, डोळे जातात

साइट मुख्यतः चार. संसद डॉट इन (सरकारी, सगळ्याचं मूळ), पीआरएस इंडिया (आकडे नीट मांडलेले), मायनेता (शपथपत्रं), आणि जुन्या भाषणांसाठी पार्लमेंट डिजिटल लायब्ररी. बाकी यूट्यूबवर संसद टीव्ही आहेच.

१. आपला खासदार नक्की कोण, ते आधी बघा

हसू नका. मी इथेच पहिली आपटले. माझी मावशी महूला राहते, महू इंदूर जिल्ह्यात, तिची सगळी कामं इंदूरच्या कलेक्टर ऑफिसात, म्हणून मी तिचा खासदार इंदूरचाच धरला आणि अख्खी संध्याकाळ तिच्यासाठी माहिती काढून पाठवली. महू लोकसभेला धारमध्ये येतं! इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या जागा ९, पण इंदूर लोकसभेत त्यातल्या ८: देपालपूर, इंदूर १ ते ५, राऊ आणि सांवेर. मावशी नुसती म्हणाली, "अगं, मी तर धारलाच मत देते ना." विचारलं असतं तर दोन मिनिटांत मिटलं असतं.

तर निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर एपिक नंबर टाका, विधानसभा आणि लोकसभा दोन्ही मतदारसंघ दिसतात, ते वहीत पहिल्या पानावर लिहा. ग्वाल्हेर, बडोद्याच्या मंडळींनीही हेच करावं, जिल्ह्याची हद्द आणि मतदारसंघाची हद्द एकच असते असं समजू नये.

आणि राज्यसभेचे खासदार वेगळे. मध्य प्रदेशातून ११ आहेत, त्यांना आपले आमदार निवडतात.

२. मत नोंदलं गेलंय का, हे आधी तपासा (सगळ्यात मोठा खड्डा हाच)

आपल्याला वाटतं सभागृहात बिल आलं म्हणजे सगळ्यांनी बटण दाबलं आणि कुठेतरी यादी तयार झाली. तसं नाहीये. बहुतेक बिलं आवाजी मतदानाने पास होतात. अध्यक्ष विचारतात बाजूने कोण, सगळे ओरडतात, विरोधात कोण, बाकीचे ओरडतात, अध्यक्ष म्हणतात "हाँ की जीत हुई", संपलं. कोणी काय ओरडलं ह्याची नावानिशी नोंद कुठेच नाही. हिंदी कागदात ह्याला "ध्वनिमत" म्हणतात. हा शब्द दिसला की समजायचं, इथे नाव शोधण्यात अर्थ नाही.

नावं नोंदली जातात ती फक्त मतविभाजन झालं तर. कोणी सदस्याने अध्यक्षांच्या निर्णयाला हरकत घेतली आणि विभाजन मागितलं की घंटा वाजते, लॉबी रिकामी करायला साडेतीन मिनिटं मिळतात, मग दारं बंद, आणि मग प्रत्येकाचं मत: हिरवं बाजूने, लाल विरोधात, पिवळं म्हणजे हजर आहे पण कुठल्याच बाजूला नाही. त्यातही एक मेख आहे, अध्यक्षांना वाटलं की विभाजन उगाच मागतायत तर ते नुसतं उभं राहायला सांगून डोकी मोजू शकतात, आणि त्यात नावं लिहिली जात नाहीत.

घटनादुरुस्तीत मात्र आवाजी चालत नाही. तिथे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे मोजणी आलीच. म्हणून नवशिक्यांनी सुरुवात घटनादुरुस्तीपासून करावी, तिथे हमखास काहीतरी सापडतं. महिला आरक्षणाचं बिल घ्या, २० सप्टेंबर २०२३, लोकसभेत ४५४ विरुद्ध २. किंवा आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाचं, जानेवारी २०१९, ३२३ विरुद्ध ३.

आता काकांची पैज. शेतीच्या बिलांपैकी दोन मोठी बिलं लोकसभेत १७ सप्टेंबर २०२० ला आवाजी मतदानाने पास झाली. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधकांनी विभाजन मागितलं, प्रचंड गोंधळ झाला, आणि तिथेही आवाजीच. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे मागे घेतले तेव्हाही दोन्ही सभागृहांत आवाजी. म्हणजे वर्षभर ज्या कायद्यांवरून देश ढवळून निघाला त्यांच्या येण्यावरही कोणाच्या नावापुढे मत नाही आणि जाण्यावरही नाही. मी हे सांगितलं तेव्हा एक काका म्हणाले तुला शोधता आलं नाही. आता काय बोलणार.

अविश्वास ठरावांचंही असंच. २० जुलै २०१८ ला मोजणी झाली, १२६ विरुद्ध ३२५, यादी आहे. १० ऑगस्ट २०२३ चा ठराव आवाजीने फेटाळला, यादी नाही. ठरावाचा प्रकार तोच, पण एकाची नोंद सापडते आणि दुसऱ्याची नाही. त्यामुळे "अमक्याने अविश्वासाच्या वेळी असं मत दिलं" असा फॉरवर्ड आला की पहिला प्रश्न, कुठल्या वर्षीचा?

२०१८ च्या यादीत कोणी सुमित्राताईंचं (सुमित्रा महाजन, तेव्हाच्या इंदूरच्या खासदार) नाव शोधायला जाल (मी गेले होते), तर मिळणार नाही. त्या तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीत होत्या, आणि अध्यक्ष मत देत नाहीत, समसमान झालं तरच देतात. ताई १९८९ पासून सलग आठ वेळा इंदूरहून निवडून आल्या, पण २०१४ ते २०१९ ह्या काळात त्यांचा मतांचा रकाना कोराच राहणार, प्रश्नांचाही.

३. यादीत नाव शोधताना

समजा विभाजन झालेलं आहे. संसद डॉट इनवर लोकसभेच्या भागात "डिबेट्स" मध्ये जा, लोकसभा नंबर, अधिवेशन, तारीख निवडा, त्या दिवसाचं पूर्ण कामकाज उघडा. शेकडो पानं असतात, घाबरू नका. कंट्रोल-एफ दाबून इंग्रजीत "डिव्हिजन" हा शब्द शोधा.

आडनाव आधी येतं, मग श्री किंवा श्रीमती, मग नाव. म्हणजे इंदूरचे खासदार शंकर लालवानी, त्यांचं नाव असं सरळ टाकलंत तर सापडणार नाही, नुसतं "लालवानी" चं इंग्रजी स्पेलिंग टाका. मी तीनदा पूर्ण नाव टाकून तीनदा "नाही" असा निष्कर्ष काढला होता. एकाच आडनावाचे दोनतीन खासदार असतात तेव्हा पुढचं नावही नीट वाचा.

दुसरं, यादीच्या खाली बारीक अक्षरात तळटीप असते, तीही वाचा. बटण नीट लागलं नाही, चुकून दुसरं दाबलं गेलं, तर सदस्य चिठ्ठी देऊन मत नोंदवतात किंवा दुरुस्त करतात, आणि ते तिथे लिहिलेलं असतं. त्यामुळे बोर्डावर झळकलेला पहिला आकडा आणि शेवटचा आकडा वेगळा असतो. १७ डिसेंबर २०२४ ला "एक देश एक निवडणूक" वालं बिल मांडताना विभाजन झालं तेव्हा बऱ्याच चिठ्ठ्या आल्या आणि शेवटचा आकडा २६९ विरुद्ध १९८ ठरला. म्हणून टीव्हीवरचा स्क्रीनशॉट पुरावा धरू नका, छापील कामकाज धरा.

तिसरं, "एक देश एक निवडणूक" चं ते मतदान बिल मांडायला परवानगी देण्याचं होतं, बिल पास करायचं नव्हे. एकाच बिलावर मांडताना, दुरुस्त्यांवर, कलमांवर आणि शेवटी पास करताना अशी वेगवेगळी मतदानं होऊ शकतात. कोणाचं मत कशावर होतं ते वरच्या परिच्छेदात लिहिलेलं असतं, दोन पानं मागे जाऊन वाचा. एखाद्या दुरुस्तीला विरोध म्हणजे बिलाला विरोध नव्हे, फॉरवर्डमध्ये मात्र सर्रास तसंच सांगतात.

एका मताची किंमत बघायची असेल तर १७ एप्रिल १९९९ चं काढा. ग्वाल्हेरला जन्मलेले अटलजी, सरकार २६९ विरुद्ध २७० ने पडलं. आमचे बाबा त्या दिवशी रेडिओला कान लावून बसले होते, मला फक्त एवढंच आठवतंय की जेवायला कोणी उठलं नाही.

४. मत सापडलं, आता व्हिप बघा

एखाद्याने बाजूने मत दिलं म्हणजे त्याचं ते मनापासूनचं मत आहे असं लगेच समजू नका. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, पक्षांतरबंदी म्हणतो ती. पक्षाचा आदेश मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तरच वाचतं. ह्या आदेशालाच व्हिप म्हणतात. तीन ओळींचा, म्हणजे सगळ्यात कडक व्हिप निघाला की विषय संपला, अख्खी पार्टी एका रांगेत. म्हणून मी वहीत "मत" आणि "व्हिप होता का" असे दोन रकाने ठेवलेत, व्हिपची बातमी त्या तारखेच्या आदल्या दिवशीच्या पेपरात बहुतेक सापडते.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत व्हिप नसतो आणि मतदान गुप्त असतं, तिथे "आमच्या खासदाराने क्रॉस केलं" वगैरे जे बोलतात ते सगळं अंदाजपंचे.

५. खरं मत कळतं ते प्रश्नांत आणि भाषणांत

हे मला उशिरा कळलं. मत पक्षाचं असतं पण प्रश्न कोणता विचारायचा हे बऱ्यापैकी खासदाराचं स्वतःचं. इथे भरपूर वेळ घालवा.

आपल्या मराठी मंडळींच्या जिव्हाळ्याचा विषय घ्या, मनमाड-इंदूर रेल्वे. नाशिक-धुळ्याकडे कोणाचं ना कोणाचं कोणीतरी असतंच, त्यामुळे लहानपणापासून ऐकतोय. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. आता ह्यावर कोणी कधी काय विचारलं? संसद डॉट इनच्या प्रश्नांच्या भागात मंत्रालय "रेल्वे" निवडा आणि शोधात "मनमाड" टाका. इंदूर टाकलंत तर स्वच्छतेपासून विमानतळापर्यंत सगळंच येतं. आणि एकाच खासदाराचं नाव लावून शोधू नका, हा मार्ग महाराष्ट्रातूनही जातो, विषयाने शोधा मग नावं बघा.

सापडलेल्या प्रश्नात हे बघायचं:

तारांकित की अतारांकित. तारांकितला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि उलटप्रश्न विचारता येतो, लोकसभेत दिवसाला असे २०, त्यातले पुकारले जातात थोडेच. अतारांकित दिवसाला २३०, फक्त लेखी.

प्रश्नावर नावं किती आहेत. चारपाच खासदारांचा सारखा प्रश्न एकत्र करतात, आणि प्रत्येकाच्या खात्यात एक एक मोजला जातो. "साडेतीनशे प्रश्न विचारले" ऐकून भारावून जाऊ नका, दहावीस उघडून वाचा.

उत्तर वाचा, नुसता प्रश्न नको. "बाब विचाराधीन आहे" हे उत्तर तीन वर्षं येत असेल तर तेही कळायला हवं ना.

प्रश्नांशिवाय शून्य प्रहर (हिंदीत शून्यकाल) आणि नियम ३७७ खालचे मुद्दे आहेत. ३७७ मला सगळ्यात आवडतं, छोटंसं निवेदन असतं, दीडदोनशे शब्दांचं, आणि बहुतेक वेळा आपल्या गावाबद्दलच असतं. भाषण ज्या भाषेत झालं त्याच भाषेत छापतात, आपल्याकडचे बहुतेक हिंदीत बोलतात म्हणून शोध हिंदीतही करा. मधे मधे "व्यवधान" असं कंसात दिसेल, ते म्हणजे गोंधळ. आणि फुल्या दिसल्या तर तो भाग अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलाय, रागावून व्हिडिओत शोधायला जाऊ नका, मुद्दा बहुतेक त्याच्या आधीच संपलेला असतो.

समित्याही विसरू नका. २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, बैठका बंद दाराआड, पण अहवालाच्या शेवटी बैठकांचा वृत्तांत असतो आणि कोण कोण हजर होतं त्याची नावं असतात. कोणाला पटलं नसेल तर त्याची वेगळी टिपणही जोडलेली असते. कंटाळवाणं वाचन आहे, चहा घेऊन बसा.

६. हजेरीचा टक्का

पीआरएसवर हजेरी, चर्चा, प्रश्न आणि खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेली) असे आकडे मिळतात, शेजारी देशाची आणि राज्याची सरासरी. सोयीचं आहे. फक्त हजेरी म्हणजे हजर असल्याची नोंद (आधी ती रजिस्टरवरची सही असायची), नोंद करून माणूस किती वेळ बसला ते त्यात नाही. मंत्री ही नोंद करत नाहीत, प्रश्नही विचारत नाहीत, त्यामुळे मंत्र्याच्या पानावर रिकामे रकाने बघून "काहीच काम केलं नाही" असं लिहू नका, मी एका ग्रुपवर लिहिलं होतं आणि चांगली बोलणी खाल्ली. खासगी विधेयकांचं म्हणाल तर स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ पास झालीत, शेवटचं १९७० मध्ये, तेव्हा तिथे पास किती झाली हे न बघता विषय कोणता निवडला ते बघा.

७. शपथपत्र आणि निधी

मालमत्ता, गुन्ह्यांचे खटले, शिक्षण हे सगळं उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात असतं. मायनेतावर २०१९ आणि २०२४ चं शेजारी शेजारी उघडा. आयोगाच्या पोर्टलवर मूळ स्कॅन असतो, आणि अर्ज मागे घेतलेल्यांचंही शपथपत्र तिथे राहतं. आपल्याकडे २०२४ ला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला होता आणि नोटाला २ लाख १८ हजारांच्या वर मतं पडली होती, आठवत असेलच.

खासदार निधी वर्षाला ५ कोटी. खासदार काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाचा, पैसे त्याच्या हातात येत नाहीत.

८. आमदाराचं काय?

इथे काम अवघड होतं. मध्य प्रदेश विधानसभेची साइट हिंदीत आहे, प्रश्नोत्तरांच्या पीडीएफ मिळतात पण जुन्यांमध्ये कंट्रोल-एफ चालेलच असं नाही, डोळ्यांनी वाचावं लागतं. शब्द हिंदीतले लक्षात ठेवा: लक्षवेधीला "ध्यानाकर्षण", आवाजीला तेच "ध्वनिमत". आपल्या जिल्ह्यातले काही आमदार मंत्री आहेत, त्यांना सहा नंबरचा नियम लागू.

आणि २०२० च्या मार्चमधलं सरकार बदललं तेव्हाचं "कोणी कसं मत दिलं" शोधत असाल तर थांबा. २२ आमदारांनी राजीनामे दिले, त्यात आपल्या सांवेरचे तुलसी सिलावटही होते, आणि २० मार्चला बहुमत चाचणी व्हायच्या आधीच कमलनाथांनी राजीनामा दिला. सभागृहात त्यावर मतदान झालंच नाही. राजीनामा म्हणजे मत नव्हे, त्याची नोंद वेगळ्या कागदावर असते.

९. कुठेच नाही मिळालं तर माहितीचा अधिकार

शेवटचा उपाय म्हणून. माझा पहिला अर्ज वाया गेला, दोन चुका झाल्या. एक, ज्या ऑफिसकडे ती नोंद असायचं कारणच नाही तिथे पाठवला. दुसरी चूक जास्त मोठी, मी लिहिलं होतं "खासदारांनी असे मत का दिले याचे कारण कळवावे". आरटीआयमध्ये "का" विचारता येत नाही, असलेला कागद मागता येतो. उत्तर आलं दोन ओळींचं, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणि स्पीड पोस्ट दोन्ही गेले.

तर असं लिहा: अमुक तारखेला अमुक विधेयकावर झालेल्या मतविभाजनाच्या नोंदीची प्रत द्यावी. लोकसभेचं असेल तर लोकसभा सचिवालय, राज्यसभेचं तर राज्यसभा सचिवालय, राज्याचं तर भोपाळला विधानसभा सचिवालय. केंद्राची फी १० रुपये, विधानसभेचे नियम आणि फी वेगळी असू शकते, आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. मुदत ३० दिवस. अर्ज हिंदीत लिहा, आपली मराठी तिथे वाचणारं कोणी भेटेलच असं नाही.

१०. वहीत काय लिहायचं

माझे रकाने: तारीख, विषय, आवाजी की विभाजन, खासदाराचं मत, व्हिप, भाषण केलं असेल तर त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं, आणि बाहेर (सभेत, फेसबुकवर) त्याच विषयावर काय बोलले ते, तारखेसकट. हा शेवटचा रकाना भरायला वेळ लागतो पण त्यातच खरी मजा आहे. फेसबुकची पोस्ट असेल तर लगेच स्क्रीनशॉट घ्या, नंतर राहते असं नाही.

सध्या माझ्या एक्सेलमध्ये "आवाजी, नाव नाही" एवढंच लिहिलेल्या ओळी सगळ्यात जास्त आहेत. जिलबीची पैज अजून लटकलेलीच आहे, काकांचं म्हणणं आहे की पुढच्या गणपतीत घटनादुरुस्तीवर लावू.